फिरकीच्या तांब्याची तक्रार

पार्सल पोचल्यावर पहिला फोन आला तो मुंग्यांवरून.

"मॅडम, तुम्ही मला तांब्या पाठवलाय की वारूळ?"

मी म्हटलं, आत साखरेची पुडी ठेवली होती, वाटेत फुटली असेल. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी रिकामं भांडं देत नाहीत.

"ऑनलाइन लिलावातसुद्धा?"

"लिलाव ऑनलाइन असला तरी भांडं खरंच असतं ना?"

तो हसला नाही. माणूस पुण्याचा, आवाजावरून पस्तिशीचा, जुनी पितळी भांडी जमवणारा. मला वाटलं, मुंग्या झटकेल आणि विषय संपेल. तर तो म्हणाला, "मुंग्यांचं जाऊ द्या. तुम्ही त्या तांब्याचं केलंत काय?"

"काय केलं म्हणजे? स्वच्छ केला."

पलीकडे इतका वेळ कोणी बोललं नाही की फोन कटला असं समजून मी स्क्रीनकडे बघितलं.

हा धंदा मी हौसेने सुरू केलेला नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं डिस्पॅच सांभाळलं. मग कारखाना गुजरातला गेला. यंत्रं गेली, साहेब गेले, आम्हाला नारळ आणि शाल मिळाली. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. आमचं घर ऐरोलीत. खिडकीत उभं राहिलं की काचेच्या मोठमोठ्या इमारती दिसतात, त्यांत हजारो माणसं काम करतात, तेव्हा मलाही काहीतरी मिळेल असं वाटलं होतं. एका मुलाखतीत माझ्या भाचीच्या वयाच्या मुलीने विचारलं, पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी म्हटलं, निवृत्तीच्या जवळ. नोकरी मिळाली नाही.

मला एकच गोष्ट उत्तम येते. वस्तू अशी बांधायची की ती न फुटता पोचते. त्यामुळे जुन्या वस्तूंचा लिलाव करणारं एक ॲप सापडल्यावर मी विचार करत बसले नाही. नवी मुंबईत निम्मी घरं सतत स्वयंपाकघर नवं करत असतात. सुतार येतो, माळे पाडतो, आणि आजेसासूबाईंची पितळी पातेली कोणाला द्यायची हा प्रश्न उभा राहतो. मी ती विकत घेते, फोटो काढते, ॲपवर टाकते. तीन दिवस बोली चालते. जो जास्त देईल त्याला पाठवते. नवऱ्याचा पगार फ्लॅटच्या हप्त्यात आणि सासूबाईंच्या औषधांत जातो. बाकीचं घर या खात्यावर चालतं.

खातं म्हणजे बँकेचं नव्हे, ॲपवरचं. तिथला नियम साधा आहे. विक्रेत्याची चूक तीनदा सिद्ध झाली की खातं बंद, कायमचं. माझ्या दोन झाल्या होत्या. एकदा लोणच्याची बरणी फुटली, ती कुरियरवाल्याने टाकली होती, पण तसं सिद्ध करता आलं नाही. दुसऱ्यांदा शिसवी पाटातून भुंगा निघाला. तो मला दिसला नव्हता, पण घेणाऱ्याला दिसला. म्हणजे हा पुण्याचा माणूस फोनवर गप्प झाला, तेव्हा माझी तिसरी चूक त्याच्या हातात होती. हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं.

तांब्या माझ्या सासूबाईंचा.

त्या महिन्यात माझ्याकडे विकायला काही उरलं नव्हतं. गणपतीच्या आधी लोक घरं आवरतात, पण वस्तू कोणी हातची सोडत नाही. मी स्वतःच्याच माळ्यावर चढले. गोणपाटात गुंडाळलेला एक फिरकीचा तांब्या निघाला. पूर्वी प्रवासात पाणी न्यायला असायचा तसा, पितळी, वर आट्यांचं घट्ट झाकण, ते काढून उलटं धरलं की पाणी प्यायचा पेला. इतका काळा की आधी मला लोखंडी वाटला.

सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. त्या अलिबागकडच्या, लग्न होऊन मुंबईत आल्या त्याला साठ वर्षं होऊन गेली, तरी "गो" सुटलेलं नाही. तांब्या त्यांच्यापुढे धरला.

"आई, हा विकू का?"

"वीक. मला काय आता प्रवासाला जायचंय? जायचंय तिथे पाणी नेऊ देत नाहीत."

"नक्की?"

"नक्की काय गो, तांब्या विकतेस का राज्य? वीक म्हटलं ना."

मी बाल्कनीत उजेडात चार फोटो काढले. समोरून, वरून, झाकण काढून, उलटा करून. बूड काळं कुळकुळीत होतं, त्यावर काही आहे का हे मी पाहिलंच नाही. बावीस वर्षं मी पार्सलच्या सहाही बाजू तपासायला इतरांना शिकवलं, पण तांब्याचं बूड नीट बघावं हे माझ्या डोक्यात आलं नाही. माहितीत लिहिलं, "जुना पितळी फिरकीचा तांब्या, गळत नाही." आणि खरंच गळत नव्हता, मी पाणी भरून रात्रभर ठेवून पाहिला होता.

बोली माझ्या अंदाजाच्या तिप्पट गेली. शेवटच्या दिवशी दोघंच उरले होते आणि ते हट्टाला पेटल्यासारखे चढत होते. त्यातला हा एक.

आता इतका भाव देणाऱ्या माणसाला काळं भांडं पाठवायचं? माझी आई शेजाऱ्यांच्या घरी ताकाचं पातेलं परत देताना दोनदा विसळायची, उन्हात उपडं घालायची, मग द्यायची. खरकट्याचा ठिपका दुसऱ्याच्या ओट्यावर गेला तर बोल माझ्या घराला लागेल, असं तिचं म्हणणं. मी काही तिच्याएवढी कर्मठ नाही, पण काळा तांब्या डब्यात घालायला माझा हात धजेना. चिंच लावून घासायला बसणार होते. मग आठवलं, रबाळ्याला आमच्या जुन्या कारखान्याजवळ नळांना बफ मारणारा एक जण आहे. फिरत्या चाकावर कापडाचा गोळा असतो, त्यावर पितळ धरलं की पाच मिनिटांत लख्ख. चिंचेने तासभर हात चोळायचे कशाला?

तो म्हणाला, "मॅडम, आरसा करून देतो."

"बूडसुद्धा मारा," मी म्हटलं. हे मी स्वतः म्हटलं. त्याने विचारलंही नव्हतं.

घरी आणल्यावर सासूबाईंना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, फिरकी उघडली, बंद केली, मग उलटा करून बुडावरून अंगठा फिरवला.

"छान केलास. ओळखूच येत नाही."

मला ती शाबासकी वाटली. मी साखरेची पुडी आत टाकली, बबल-रॅपचे तीन थर दिले, खोक्यात कोपरे भरले आणि पार्सल दिलं.

तर फोनवर तो गप्प झाला होता तिथे परत येते.

"काकू," तो शेवटी म्हणाला, "त्या काळसर रंगालाच तर किंमत असते. साठ-सत्तर वर्षं लागतात तो चढायला."

"काकू म्हणू नका. आणि तो रंग नाही, मळ आहे."

"तुमच्या दृष्टीने मळ."

"माझ्याच दृष्टीने. घासणाऱ्याला मळ आणि रंग वेगळे कळतात."

"आणि नाव? तेही मळ होतं?"

"कसलं नाव?"

"बुडावरचं. तुमच्याच फोटोत आहे. मी फक्त नावं घातलेली भांडी घेतो. त्या नावासाठी मी इतकी बोली लावली. आता तिथे काहीच नाही, माझं तोंड दिसतंय."

"मग दिसू दे ना, चांगलं आहे. बुडावर काही नव्हतं. मी माहितीत नाव आहे असं लिहिलंय का कुठे?"

त्या वेळी हे मी खरं बोलत होते. माझ्या लेखी बुडावर काही नव्हतं.

मग तो माणूस जरा मऊ झाला. हे मला इथे नीट लिहिलं पाहिजे, कारण नंतर मी स्वतःला सांगत राहिले की तो पहिल्यापासून भांडायलाच बसला होता. तसं नव्हतं. तो म्हणाला, "असं करा. मी ॲपवर तक्रार टाकत नाही. तुम्ही मला पैसे परत द्या, मी तांब्या परत पाठवतो. माझ्या खर्चाने. आपल्या आपल्यात मिटवू."

यापेक्षा सोपी सुटका नव्हती. खात्यावर डाग नाही, तांब्या घरी. पण त्यातले निम्मे पैसे सासूबाईंच्या चष्म्याला गेले होते, हे एक. आणि मी एक भांडं स्वच्छ करून पाठवलं म्हणून एक पोरगा मला जाब विचारत होता, हे दुसरं. दुसरं जास्त लागलं.

"धुतलं म्हणून कोणी भांडं परत करतं का?" मी म्हटलं. "उद्या म्हणाल, कुंकू पुसलं म्हणून देवी परत घ्या."

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग तुम्ही आणि ॲप बघून घ्या."

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "देऊन टाकायचे ना पैसे. कशाला डोक्याला ताप घेतेस."

"तुझ्या डोक्याला कुठे काय होतंय?"

"तेच म्हणतोय. माझं डोकं बघ कसं शांत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खारघरला एका नव्या टॉवरमध्ये गेले होते. तिथल्या बाईंना सासरची पितळी परात काढायची होती. पंधराव्या मजल्यावर, चकाचक ओट्यासमोर, परात हातात धरून मी वजनाचा अंदाज घेत होते तेव्हा फोन वाजला. तक्रार दाखल झाली होती. एकदा दाखल झाली की घेणाऱ्यालाही ती मागे घेता येत नाही. पैसे परत दिले तरी चूक कबूल धरतात. म्हणजे आता दोनच रस्ते होते. कबूल करायचं आणि खातं घालवायचं, किंवा लढायचं. उत्तर द्यायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मुदत.

तक्रारीला दोन फोटो जोडले होते. उजवीकडे त्याने काढलेला, आरशासारखं बूड. डावीकडे माझाच बाल्कनीतला फोटो, चौपट मोठा करून, उजेड वाढवून.

तीन अक्षरं होती. पूर्वी बाजारात भांड्यावर नाव घालून देणारा बसायचा, बारीक छिन्नी आणि हातोडीने एकेक ठिपका टोचून अक्षर काढायचा, तशी. पहिलं अक्षर लक्षात आलं की पुढची दोन आपोआप वाचता येत होती. बाईचं नाव होतं. साधं, जुनं, हल्ली कोणी ठेवत नाही असं. ते मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात त्या नावाचं कोणी नव्हतं. मला वाटलं, कोणाचा तरी आहेर असेल, मावशी-आत्या कोणीतरी.

परातीचा सौदा करून मी घरी आले. सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. भिजवलेले, मोड आलेले कडवे वाल त्या चिमटीत धरतात आणि अर्ध्या सेकंदात डाळिंबी बाहेर पडते. मला एकाला तीन सेकंद लागतात. मी समोर बसून वाल हातात घेतले आणि विचारलं, "आई, हे नाव कोणाचं?" आणि ते नाव घेतलं.

त्यांचा हात थांबला नाही. साल वेगळी पडत राहिली, डाळिंबी वेगळी.

"तुला कोणी सांगितलं?"

"तांब्यावर होतं."

"होतं ना. मग?"

"कोणाचं?"

"माझं. लग्नाच्या आधीचं."

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायचे, हे मला माहीत आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो. माझ्या लग्नात मी नाही म्हटलं होतं आणि ते चाललं. सासूबाईंचं बदललेलं आहे हे मला सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. नवऱ्याला संध्याकाळी विचारलं तर त्यालाही ठाऊक नव्हतं.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस, विकू का? मी म्हटलं, वीक. नाव विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"अहो, पण मशिनवर द्यायच्या आधी तरी सांगायचं!"

"मशिनवर देशील हे मला काय ठाऊक? मला वाटलं, चिंच लावशील. चिंचेने अक्षर जात नाही गो. मी वर्षानुवर्षं घासलाय, गेलं का?" त्यांनी वालाची सालं ताटाच्या कडेला सारली. "तुझं सगळं घाईचं."

मी त्यांना तक्रार समजावून सांगितली. तो म्हणतोय नाव होतं. नाव होतं हे मान्य झालं, तर मी फोटोत दाखवलेली वस्तू पाठवली नाही असं होतं. मग चूक माझी, खातं बंद. फोटोत अक्षरं अंधूक आहेत. मी जर म्हटलं की ते ओरखडे आहेत, तर त्याला सिद्ध करता येईल की नाही सांगता येत नाही.

"मग म्हण ओरखडे."

"तुम्हाला चालेल?"

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "तांदळात दुसरं लिहिलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, चालेल का म्हणून. तू निदान विचारतेस. जा, लिही जा. आणि हात धू आधी, फोनला वालाचा वास लागेल."

मी हात धुतले. तरी त्या दिवशी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आधी पुण्याला फोन लावला. म्हटलं, तुमचं आधीचं बोलणं अजून चालत असेल तर मी तयार आहे.

"आता कसं चालेल? तक्रार गेली. मागे घेता येत नाही, तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे. विचारून बघितलं."

"एकदम काय झालं, काकू? दिसलं का नाव?"

मी फोन ठेवला.

मग लिहिलं. तीन ओळींचं उत्तर होतं. वस्तू पाठवण्यापूर्वी नेहमीप्रमाणे घरगुती पद्धतीने स्वच्छ केली. बुडावर दिसणाऱ्या रेषा वापरातले ओरखडे आहेत. त्यावर कोणतंही नाव नव्हतं. यातलं पहिलं वाक्य खोटं, दुसरं खोटं, आणि तिसरं मी दोन दिवसांपूर्वी फोनवर प्रामाणिकपणे म्हटलं होतं तेच, फक्त आता ते प्रामाणिक राहिलं नव्हतं. दोनदा वाचून शुद्धलेखन तपासलं. पाच वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. सासूबाई आत झोपल्या होत्या. त्यांची झोप सावध असते. मी टाइप करताना खाट करकरली, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

निकाल चार दिवसांनी आला. माझ्या बाजूने. त्यात लिहिलं होतं की छायाचित्रातल्या खुणा अक्षरं असल्याचं खात्रीने म्हणता येत नाही आणि स्वच्छ करणं हा वस्तूतला दोष धरता येत नाही. हे ज्या कोणी लिहिलं त्याने तो फोटो किती वेळ बघितला असेल देव जाणे. मला पहिल्या नजरेत वाचता आलं होतं.

नवरा येताना जिलबी घेऊन आला. "जिंकलीस म्हणे."

"हो."

"मग चेहरा असा का? रिफंड द्यावा लागल्यासारखा?"

सासूबाईंनी दोन वेढे खाल्ले, बोटं पुसली आणि मला म्हणाल्या, "तो फोटो आहे का तुझ्याकडे? दाखव बघू."

माझ्या फोनमध्ये मूळ फोटो होता. मी तो मोठा केला, उजेड वाढवला, त्या पुण्याच्या माणसाने केला होता तसाच. त्यांनी नवा चष्मा लावून फोन लांब धरला. बराच वेळ बघितला. नवरा मागून वाकून बघायला लागला तेव्हा त्यांनी त्याला कोपराने ढकललं.

"वडिलांनी बाजारात उभं राहून घालून घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा अक्षराला पैसे लागायचे. मी म्हटलं, आडनावपण घाला. तर म्हणाले, आडनाव बदलणारच आहे, त्यावर कशाला खर्च? नावच राहणार." फोन मला परत दिला. "इथे उतरले त्याच दिवशी नाव गेलं. तांब्यावर राहिलं होतं तेवढंच."

नवरा म्हणाला, "आई, तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी बसलास?" त्या म्हणाल्या आणि जिलबीचं ताट उचलून आत गेल्या.

मी हळवी बाई नाही. झालं ते झालं म्हणून पुढे जाते. पण एखादी गोष्ट दुरुस्त करता येत असेल तर करून टाकावी, हा माझा कामाचा नियम आहे. तांब्या अजून पुण्यात होता. अक्षरं परत घालता आली असती, छिन्नीने टोचून देणारा वाशीला, ठाण्याला कुठेतरी सापडला असता. मी त्या माणसाला निरोप पाठवला. तक्रार संपली आहे, आता ॲपचा संबंध नाही. तुम्ही दिलेले सगळे पैसे मी परत देते, तांब्या परत द्या. पाठवायचा खर्च माझा.

दिवसभर उत्तर आलं नाही. आलं ते असं.

"काकू, तुम्हीच लेखी दिलंय की त्यावर कोणतंही नाव नव्हतं. बिननावाचा तांब्या पितळेच्या दुकानात कुठेही मिळेल. हाच कशाला हवा?"

मी दोनदा टाइप करायला घेतलं. खरं कारण लिहायचं तर आधी मी खोटं लिहिलं हे लिहायला हवं, आणि ते त्याच्या फोनमध्ये माझ्या हाताने गेलं असतं. त्याने ते ॲपला दाखवलं असतं तर माझं खातं गेलं असतं. त्याने दाखवलं नसतंही कदाचित. पहिल्या फोनवर तर तो सरळच वागला होता. पण मी ते पणाला लावलं नाही. पुढच्या महिन्याची औषधं डोळ्यासमोर आली, मी टाइप केलेलं पुसलं आणि फोन उलटा ठेवला. काकू म्हणू नका, असंही या वेळी लिहिलं नाही.

त्यानंतर त्याचं काही आलं नाही. तांब्याचं त्याने काय केलं, माहीत नाही.

खारघरची परात मी पुढच्या आठवड्यात लिलावाला लावली. आधी उलटी केली. बुडावर नाव होतं, बाईचं, ठिपक्याठिपक्यांचं. माहितीत पहिल्याच ओळीत लिहिलं, "नाव घातलेली." बुडाचा फोटो वेगळा, उजेडात, जवळून काढला. बोली चांगली आली, पाटाच्या आणि बरणीच्या दोन्ही मिळून आली होती त्यापेक्षा जास्त. घेणारी कोणी नाशिकची होती.

परात जेवणाच्या टेबलावर ठेवून मी बांधायला घेतली. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"अशीच पाठवणार? काळी?"

"अशीच हवी असते त्यांना."

"साखर तरी घाल गो."

"मुंग्या होतात."

त्यांनी परात दोन्ही हातांनी उलटी केली. बुडावरून अंगठा फिरवला, अक्षरांवर थांबवला, मग ती माझ्याकडे सरकवली. मी बबल-रॅप ओढलं आणि कापलं.